जेवढं आत हवं तेवढंच : 'हेक्स' लायब्ररीचं रसग्रहण

'हेक्स' ही रस्ट भाषेत लिहिलेली एक छोटी लायब्ररी आहे. बेंजामिन सॉन्डर्स यांनी २०१९ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली आणि तेव्हापासून अनेकांच्या हातून ती घासूनपुसून लख्ख होत आली आहे. गेम किंवा सिम्युलेशन लिहिताना पडद्यामागे हजारो वस्तूंची माहिती सांभाळावी लागते. ती नीट मांडून ठेवायची आणि मागितली की चटकन हाती द्यायची, एवढंच हिचं काम. मी ती वापरण्यासाठी उघडली आणि वाचतच राहिलो. कोडलाही शैली असते, संयम असतो, आणि मधूनच एखादी जागा अशी येते की मनापासून दाद जाते. हेक्समध्ये अशा जागा बऱ्याच आहेत आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच शिस्त आहे. जे काम बाहेर राहून कुणालाही करता येईल ते आत घ्यायचं नाही; जे आतच करावं लागतं त्यात तसूभरही हयगय करायची नाही. या शिस्तीमुळे हेक्सचं सौंदर्य कसं घडलं, ते इथे जवळून पाहायचं आहे.

उदाहरण डोळ्यांसमोरचं घेऊ. तारोडी, डोंगरी, उत्तन, पाली, चौक हा भाईंदरच्या पश्चिमेचा समुद्राकडचा पट्टा. इथल्या दर्याचं एक सिम्युलेशन लिहायचं आहे असं धरू. समुद्रात बोटी आहेत. त्यांना ठिकाण आहे, वेग आहे, टाकीत डिझेल आहे. डोल जाळी आहेत. प्रवाहाकडे तोंड करून ती एका जागी बांधलेली असतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा त्यांत शिरतो. म्हणजे जाळ्याला ठिकाण आहे, मासळी आहे, वेग नाही. उत्तनचं दीपगृह आहे. त्याला ठिकाण आहे, उजेड आहे, बाकी काही नाही. आणि रात्री दिवा लावून निघालेली बोट आहे, जी चालतेही आणि उजेडही देते.

इनहेरिटन्सच्या रुळलेल्या पद्धतीने हे लिहायला बसलं की लवकरच पंचाईत होते. 'वस्तू' नावाचा एक मूळ वर्ग करायचा, त्यातून 'चालणारी वस्तू', त्यातून 'बोट'. दुसऱ्या बाजूला 'उजेड देणारी वस्तू', त्यातून 'दीपगृह'. आता दिव्याची बोट कुठल्या घराण्यात घालायची? उजेड वरच्या मूळ वर्गात नेला तर जाळ्यांच्या गळ्यात नको असलेला दिवा पडतो. दोन घराण्यांत वेगवेगळा लिहिला तर तेच काम दोनदा होतं. जग वाढत जातं तसा हा वंशवृक्ष इतका गुंततो की एक फांदी हलवली तर सगळं झाड हलतं.

एंटिटी-कंपोनंट पद्धत वंशावळच मोडीत काढते. एंटिटी म्हणजे निव्वळ एक ओळख, एक क्रमांक. तिच्यावर आपण हवे ते घटक ठेवतो. ठिकाण, वेग आणि डिझेल ठेवलं की ती बोट झाली. ठिकाण आणि उजेड ठेवला की दीपगृह. बोटीवर रात्री उजेड ठेवायचा, पहाटे काढून घ्यायचा. कोण कुठल्या कुळातलं हा प्रश्नच उरत नाही. कुणाजवळ काय आहे एवढंच विचारायचं.

हा विचार हेक्सचा नाही. लुकिंग ग्लास स्टुडिओच्या १९९८ मधल्या 'थीफ' या खेळात त्याची बीजं दिसतात. स्कॉट बिलास यांनी २००२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये 'डंजन सीज'ची घटकांवर उभी असलेली रचना मांडली. २०१७ मध्ये त्याच परिषदेत टिमोथी फोर्ड यांनी 'ओव्हरवॉच'ची बांधणी उलगडून दाखवली. रस्टमध्ये 'स्पेक्स' या लायब्ररीने ही पद्धत रुजवली, कॅथरीन वेस्ट यांच्या २०१८ च्या रस्टकॉन्फमधल्या समारोपाच्या भाषणाने ती सर्वतोमुखी केली आणि 'लिजन'ने मेमरीची मांडणी सुधारली. हेक्सच्या परिचयपत्रात स्पेक्स आणि लिजन यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलेलं आहे. हेक्सने या परंपरेत नवं काय केलं? तिने कमी केलं. सगळं उकळत आणलं आणि तळाशी जो अर्क राहिला तेवढा ठेवला.

वापरणाऱ्याला दिसणाऱ्या दर्शनी भागापासून सुरुवात करू. रस्टच्या १.५३ या २०२१ मधल्या आवृत्तीपासून प्रकारांना आणि चलांना देवनागरी नावं देता येतात, त्यामुळे आपले घटक आपण मराठीतच लिहू शकतो. आधी वर्ल्ड बनवायचं, त्याला 'जग' म्हणू. मग बोट जन्माला घालायची: जग.स्पॉन((ठिकाण, वेग, डिझेल)). ही एकच ओळ. 'ठिकाण' हा घटक आहे असं आधी कुठे नोंदवलेलं नाही, कुठला खास शिक्का त्यावर मारलेला नाही, कुठल्या पालक वर्गातून तो आलेला नाही. रस्टमधला साधा स्ट्रक्ट, धाग्यांमधून (थ्रेड्समधून) सुरक्षितपणे फिरवता येण्याजोगा असला आणि कुणाकडून उसन्या घेतलेल्या माहितीवर टांगलेला नसला, की तो आपोआप घटक होतो. पोशाखाची सक्ती नाही.

वाचणंही तितकंच सरळ. चालणाऱ्या सगळ्या वस्तू पुढे सरकवायच्या असतील तर जगाला विचारायचं: ज्यांच्याजवळ ठिकाण आणि वेग दोन्ही आहेत अशा सगळ्या दे, ठिकाण मी बदलणार आहे, वेग फक्त वाचणार आहे. मग भाषेतला नेहमीचा 'फॉर' लूप चालवायचा आणि ठिकाणात वेग मिळवत जायचा. जाळी आणि दीपगृह त्या लूपमध्ये येतच नाहीत, कारण त्यांच्याजवळ वेग नाही. 'जर ही बोट असेल तर' अशी एकही अट लिहावी लागत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या पद्धतीच्या पूर्ण नावात तीन शब्द आहेत: एंटिटी, कंपोनंट, सिस्टीम. इतर अनेक लायब्रऱ्यांत 'सिस्टीम' हा मोठा कारभार असतो. सिस्टीम कशी लिहायची याचे नियम, त्या कुठल्या क्रमाने चालायच्या याचं वेळापत्रक, एकाच वेळी कुठल्या चालू शकतात याचा हिशेब. हेक्समध्ये सिस्टीम नावाची चीजच नाही. तुमचं साधं फंक्शन हीच सिस्टीम आणि फंक्शनं ज्या क्रमाने हाक मारून बोलावली तोच क्रम. सॉन्डर्स यांनी एक अख्खं अंग वगळलं आणि ते वगळल्याचं वापरणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही, कारण ते काम करायला रस्ट भाषा समर्थ आहे. भाषेवर इतका विश्वास टाकणं मला फार आवडतं.

आता आत जाऊ. हेक्स प्रत्येक घटकसंचासाठी एक स्वतंत्र तक्ता ठेवते. त्याला आर्किटाइप म्हणतात. ठिकाण, वेग, डिझेल असलेल्या बोटी एका तक्त्यात. ठिकाण आणि मासळी असलेली जाळी दुसऱ्यात. दिव्याच्या बोटी तिसऱ्यात. तक्त्यात प्रत्येक घटकाचा स्वतःचा रकाना असतो आणि रकान्यातल्या नोंदी मेमरीत एकाला एक लागून बसलेल्या असतात. प्रश्न आला की हेक्स आधी तक्ते निवडते. ज्या तक्त्यात वेगाचा रकानाच नाही तो अख्खा बाजूला. एकेका वस्तूला विचारत बसायची गरज पडत नाही.

या मांडणीचा फायदा समजण्यासाठी प्रोसेसरची एक सवय माहीत हवी. आजचे बहुतेक प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट उचलत नाहीत. ६४ बाइटांचा तुकडा एकदम कॅशमध्ये आणतात. आपलं ठिकाण म्हणजे चार-चार बाइटांच्या तीन संख्या, मिळून १२ बाइट. म्हणजे एका तुकड्यात पाच बोटींची ठिकाणं पूर्ण येतात आणि सहावीचा एक अक्षही सोबत येतो. हीच बोट एकसंध मोठी वस्तू म्हणून ठेवली असती, तिचं नाव, टाकी, मासळीचा हिशेब सगळं एकत्र मिळून समजा २०० बाइटांचं झालं असतं, तर प्रत्येक बोटीसाठी मेमरीकडे नव्याने जावं लागलं असतं आणि आणलेल्यातलं बरंचसं न वापरताच टाकून द्यावं लागलं असतं. सलग रकान्यात प्रोसेसरला पुढचं काय लागणार याचा अंदाजही बांधता येतो आणि तो मागण्याआधीच पुढचा तुकडा आणून ठेवतो. वेग इथून येतो. हुशार गणितापेक्षा नीटनेटक्या मांडणीची ही करामत आहे.

नीटनेटकेपणाची एक बारीक खूण आणखी दाखवतो. तुम्ही (ठिकाण, वेग) असं लिहा की (वेग, ठिकाण) असं, दोन्ही वस्तू एकाच तक्त्यात जातात. कारण तक्ता निवडण्याआधी हेक्स घटकांचे प्रकार एका ठरलेल्या क्रमाने लावून घेते: ज्याला मेमरीत जास्त मोठी सरळ बैठक लागते तो आधी, आणि बरोबरी झाली तर प्रकाराच्या ओळखक्रमांकानुसार. लिहिणाऱ्याने कुठल्याही क्रमाने लिहावं, आतला क्रम बिघडत नाही.

मधली एखादी बोट जगातून काढून टाकली तर रकान्यात खड्डा पडेल आणि सलगपणा मोडेल. हेक्स काय करते? पंगतीत मधल्या पानावरचा माणूस उठला आणि शेवटच्या पानावरच्याला तिथे आणून बसवलं, तसं ती रकान्यातली शेवटची नोंद उचलून खड्ड्यात ठेवते. बाकी कुणालाही हलावं लागत नाही. एकच गोष्ट करायची राहते, जागा बदललेल्या वस्तूचा नवा पत्ता नोंदवायचा, आणि ती तिथल्या तिथे होते. रांगेतला क्रम जातो, पण क्रम टिकेल असं वचन हेक्सने कधी दिलेलंच नव्हतं. जे वचन दिलं नाही त्याचा खर्चही करायचा नाही.

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू झाली आणि आपण सगळ्या बोटींवरचा वेग काढून 'नांगरलेली' हा घटक ठेवला, तर प्रत्येक बोट एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात हलते. या स्थलांतराला किंमत पडते. तिची चर्चा पुढे येईलच. पण हेक्सने इथेही एक सोय केली आहे. या तक्त्यातून अमुक घटक काढला की कुठल्या तक्त्यात जायचं, हे एकदा शोधलं की ती लक्षात ठेवते. पहिल्या बोटीने वाट शोधली की मागच्या सगळ्या बोटी त्याच वाटेने जातात.

आता ओळखीकडे वळू, कारण माझ्या मते हेक्सचं सगळ्यात रसाळ लिखाण तिथे आहे. एंटिटी म्हणजे ६४ बिटांची एक जोडी: ३२ बिटांचा क्रमांक आणि ३२ बिटांची पिढी. चौथ्या क्रमांकाची बोट मोडीत निघाली की तो क्रमांक पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो, पण पिढी एकाने वाढवून. समजा कुणीतरी जुनी ओळख जपून ठेवली होती, 'क्रमांक ४, पिढी १'. ती घेऊन तो जगाकडे आला तर हेक्स पाहते की चौथ्या जागेवर आता पिढी २ नांदते आहे, आणि अशी एंटिटी नाही असं सरळ सांगते. नव्या बोटीचं डिझेल चुकून जुन्या बोटीच्या मालकाच्या खात्यावर जात नाही. एंटिटी जिवंत आहे पण मागितलेला घटक तिच्याजवळ नाही, अशी स्थिती असेल तर उत्तर वेगळं येतं. चुकांचेही प्रकार आहेत आणि हेक्स ते एकमेकांत मिसळू देत नाही.

पिढीची संख्या कधीही शून्य नसते, हा नियम वरवर किरकोळ वाटतो. पण रस्टच्या कंपायलरला हे कळवलेलं आहे, त्यामुळे 'एंटिटी असेल किंवा नसेल' असं मूल्य साठवायला वेगळी जागा लागत नाही. शून्याचा न वापरलेला आकार 'नाही' या अर्थासाठी मोकळा सापडतो. आठ बाइटांत 'आहे' मावतं आणि त्याच आठ बाइटांत 'नाही'ही मावतं. हजारो बोटींनी आपापल्या जाळ्याची ओळख जवळ बाळगली, काहींनी नाही बाळगली, तरी जागा तेवढीच.

आणि आता ती जागा, जिथे मी पहिल्यांदा थबकलो. अनेक धागे एकाच वेळी काम करत आहेत आणि प्रत्येकाला नव्या एंटिटीसाठी क्रमांक हवा आहे. सरळ उपाय म्हणजे कुलूप: एकाने क्रमांक घ्यायचा, तोवर बाकीच्यांनी थांबायचं. हेक्समध्ये कुलूप नाही. परत आलेल्या क्रमांकांची एक यादी आहे आणि एक चिन्ह असलेली, म्हणजे ऋणही होऊ शकणारी, पूर्णांक संख्या आहे. तिला कर्सर म्हणू. क्रमांक हवा असलेला धागा कर्सरमधून एक वजा करतो, आणि वजाबाकीआधीची संख्या हेच त्याचं उत्तर.

आकडे घेऊन पाहू. समजा आजवर २० क्रमांक वापरात आलेत, शून्यापासून १९ पर्यंत. त्यांतले ४, ९ आणि १२ परत आलेले आहेत आणि यादीत याच क्रमाने पडून आहेत. कर्सर ३ वर आहे. पहिल्या धाग्याला ३ मिळतो, म्हणून यादीतला तिसरा, १२. दुसऱ्याला २ मिळतो, म्हणून ९. तिसऱ्याला १, म्हणून ४. यादी संपली, कर्सर शून्यावर. चौथ्या धाग्याला शून्य मिळतं: यादीत काही नाही, म्हणून २० वजा शून्य, नवा क्रमांक २०. पाचव्याला उणे १ मिळतो: २० वजा उणे १, म्हणजे २१. कुणी कुणाची वाट पाहिली नाही, कुणाला तोच क्रमांक दोनदा मिळाला नाही. शून्याच्या वर असेपर्यंत जी संख्या जुन्यांची मोजदाद होती, तीच शून्याखाली उतरली की नव्यांची मोजदाद झाली. एका संख्येने दोन कामं केली आणि दोन्ही कामांची सीमा शून्यावर बरोबर जुळली. शेवटी जगाची पूर्ण मालकी एकाच्या हाती असताना हे उधारीचे क्रमांक पक्के केले जातात. अशी जागा वाचताना लेखकाने कागदावर किती आकृत्या काढून खोडल्या असतील याची कल्पना येते. छापील कोडमध्ये मात्र त्या कष्टाचा घाम दिसत नाही.

रस्टची ख्याती तिच्या बॉरो चेकरमुळे आहे. एखादी गोष्ट एक जण बदलत असताना दुसरा ती वाचणार नाही, याची हमी कंपायलर प्रोग्राम चालण्याआधीच देतो. हेक्सने या हमीचा दोन पायऱ्यांवर उपयोग केला आहे. जग पूर्णपणे तुमच्या एकट्याच्या हातात असेल तर 'क्वेरी म्यूट' वापरा. मग रकान्यांवर नोंदी ठेवायची गरजच नाही, कंपायलरने आधीच पाहून घेतलेलं असतं. जग अनेकांमध्ये वाटलेलं असेल तर 'क्वेरी' वापरा. तेव्हा प्रत्येक रकान्यावर एक छोटा मोजक लक्ष ठेवतो. त्याचा सगळ्यात वरचा बिट म्हणजे 'कुणीतरी बदलतं आहे', उरलेले बिट म्हणजे 'इतके जण वाचत आहेत'. नियम मोडला तर प्रोग्राम तिथेच थांबतो, चुकीची माहिती घेऊन पुढे जात नाही. ही राखण रकान्यागणिक आणि तक्त्यागणिक आहे, त्यामुळे एकाने बोटींची ठिकाणं बदलायला घेतली आणि त्याच वेळी दुसऱ्याने जाळ्यांची ठिकाणं वाचायला घेतली, प्रश्न नीट वेगळे मांडलेले असले, तर घटक एकच असूनही दोघांची टक्कर होत नाही.

आणखी एक बारकावा. लूप चालू असताना त्याच लूपमध्ये नवी बोट जन्माला घालायचा प्रयत्न केला तर प्रोग्राम तयारच होत नाही. नवी नोंद आली की रकाना वाढतो, वाढताना तो मेमरीत दुसरीकडे हलू शकतो आणि चालू वाचन लोंबकळत राहील. म्हणून ते दार कंपायलरच बंद ठेवतो. मग करायचं काय? कमांड बफरमध्ये इच्छा लिहून ठेवायची आणि लूप संपल्यावर ती जगावर चालवायची. कर्सरच्या कृपेने नव्या बोटीची ओळख मात्र आधीच हाती येते. दोन वेगळ्या फायलींत लिहिलेल्या दोन गोष्टी इथे एकमेकींना हात देतात, आणि सबंध रचना एकाच विचाराने बांधलेली आहे याची खात्री पटते.

काटकसरीचा एक छोटा नमुना सांगून आतला फेरफटका संपवतो. रस्टमध्ये प्रत्येक प्रकाराला कंपायलर एक ओळखक्रमांक देतो. घटक शोधताना हेक्सला तो क्रमांक हॅश टेबलमध्ये पाहावा लागतो आणि नेहमीच्या रीतीने त्याचं हॅशिंग करावं लागतं. पण तो ओळखक्रमांक मुळातच उत्तम हॅश होऊन आलेला असतो. म्हणून हेक्सने स्वतःचा एक हॅशर लिहिला आहे, जो मिळालेला आकडा जसाच्या तसा पुढे देतो. झालेलं काम पुन्हा करायचं नाही, एवढंच.

आता जे नाही त्याकडे पाहू, कारण हेक्सचं व्यक्तिमत्त्व तिथेही तितकंच ठळक आहे. वेळापत्रक नाही. घटनांची देवाणघेवाण नाही. आई-मुलाचं नातं नाही: एका बोटीला दुसरी बोट बांधलेली असेल, पुढची हलली की मागची हलायला हवी, तर त्यासाठी हेक्समध्ये तयार काही सापडत नाही. पण उदाहरणांच्या फोल्डरमध्ये एक फाइल आहे, जिच्यात 'पालक' नावाचा साधा घटक करून हे काम बाहेरूनच कसं करायचं ते दाखवलं आहे. लायब्ररीत घालता आलं असतं ते सॉन्डर्स यांनी उदाहरणात ठेवलं. वापरणाऱ्याला रस्ता दिसतो, आणि ज्याला त्या रस्त्याने जायचं नाही त्याच्यावर ओझं पडत नाही. इतर वाटाही आहेत आणि त्या कमअस्सल नाहीत. सँडर मर्टेन्स यांची सी भाषेतली 'फ्लेक्स' ही लायब्ररी नात्यांनाच केंद्रस्थानी आणते. मिकेले काइनी यांची सी प्लस प्लसमधली 'एनटीटी' घटकांची साठवण वेगळ्या रीतीने करते आणि ती 'माइनक्राफ्ट'मध्ये वापरली गेली आहे. हेक्सची निवड त्यांच्याहून मोजकी आहे.

मोजकेपणाचं फळ कसं मिळतं याचा दाखला २०२० च्या ऑगस्टमधला. कार्टर अँडरसन यांनी 'बेव्ही' हे गेम इंजिन जाहीर केलं, तेव्हा त्याच्या गाभ्यात हेक्सचंच एक बदललेलं रूप होतं. बेव्हीला वेळापत्रक हवं होतं, सिस्टीम हव्या होत्या, आणि ते सगळं हेक्सच्या गाभ्याभोवती रचता आलं, कारण गाभ्याने आधीपासून कुठलीच भिंत उभी केलेली नव्हती. २०२१ च्या एप्रिलमध्ये बेव्हीने आपला गाभा नव्याने लिहिला आणि ते पुढे निघून गेलं. हेक्स आपल्या जागी राहिली, आपल्याच मापाची.

गुणांबरोबर मर्यादाही सांगायला हव्यात. एखादा घटक क्षणोक्षणी ठेवायचा आणि काढायचा असेल, तर दर वेळी अख्ख्या वस्तूचं एका तक्त्यातून दुसऱ्यात स्थलांतर होतं आणि ते महाग पडतं. अशा वेळी घटक काढण्याऐवजी त्याच्या आतच 'चालू की बंद' अशी खूण ठेवणं बरं. घटकांच्या जोड्या फार विविध झाल्या तर दोन-चार नोंदींचे शेकडो तक्ते तयार होतात आणि सलगपणाचा फायदा विरून जातो. आणि वाटलेल्या जगातली टक्कर प्रोग्राम चालतानाच कळते, आधी नाही. रस्टच्या माणसाला ही गोष्ट थोडी खटकते. या तिन्ही गोष्टी हेक्सने केलेल्या निवडीतून आलेल्या आहेत, निष्काळजीपणातून नव्हे.

आणि या मर्यादांबाबत हेक्स स्वतः किती स्पष्ट आहे, हे तिच्या परिचयपत्रात दिसतं. तुमच्या खेळात वस्तूंचे प्रकार मोजकेच असतील तर प्रत्येक प्रकारासाठी एक साधी यादी ठेवा, तेवढं पुरे, असं ती सांगते. जवळपास कोण आहे हे शोधायचं असेल तर त्यासाठी वेगळी रचना बाजूला ठेवा, सगळं माझ्यातच कोंबू नका, असंही सांगते. आपल्या दर्याच्या उदाहरणात पन्नास बोटी आणि एक दीपगृह एवढंच असेल, तर हेक्सचा सल्ला मानून मी हेक्स वापरणार नाही. बोटींची एक यादी करीन आणि कामाला लागेन. बोटी, जाळी, बोये, पक्षी, माशांचे थवे अशी हजारोंची गर्दी झाली आणि प्रत्येकाच्या अंगावरचे घटक बदलू लागले, तर मात्र हिच्याशिवाय दुसरीकडे पाहणार नाही. आपली गरज कुठे संपते हे स्वतःहून सांगणारी वस्तू विश्वासाला पात्र ठरते.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याला काव्याचं जीवित मानलं. अलंकार कितीही देखणा असो, चुकीच्या अंगावर घातला तर शोभा जाते, हा त्याच्या विचाराचा गाभा. हेक्स वाचताना मला हा निकष पुन्हापुन्हा उपयोगी पडला. तिच्यात अलंकार आहेत. कर्सरची युक्ती तर चमत्कृतीच आहे. पण एकही अलंकार मिरवण्यासाठी घातलेला नाही. जिथे अनेक धाग्यांची गरज होती तिथे ती युक्ती आली, जिथे साधा लूप पुरत होता तिथे साधा लूपच राहिला.

ज्यांना रस्ट थोडीफार येते त्यांनी हा कोड वापरण्याआधी वाचावा असा माझा आग्रह आहे. सुरुवात उदाहरणांतल्या सर्वांविरुद्ध सर्वांच्या छोट्या लढाईपासून करावी; काही फंक्शनांत एक अख्खं चालतं जग उभं राहिलेलं दिसतं. मग ओळखींची फाइल घ्यावी आणि कर्सरची आकडेमोड स्वतः कागदावर करून पाहावी. त्यानंतर तक्त्यांची फाइल, आणि सगळ्यात शेवटी जगाची. तोवर प्रत्येक सुटा भाग ओळखीचा झालेला असतो आणि शेवटच्या फाइलीत ते सगळे एकत्र येऊन कामाला लागलेले दिसतात. कॉलेजात डेटा स्ट्रक्चर शिकलेल्या विद्यार्थ्याला याद्या, तक्ते, हॅश आणि मोजक हे सगळे इथे प्रत्यक्ष राबताना भेटतील, आणि कुठलं कधी वापरायचं याची जी समज पुस्तकातून येत नाही ती इथे वाचता वाचता येईल. स्वतःची पहिली लायब्ररी लिहायला घेण्याआधी यापेक्षा चांगला वाचनपाठ मला तरी माहीत नाही.